मालन माघारी आली ती रात्र

लाइट बाराला येणार, तोवर मोटर चालू व्हायची नाही. बसा शेकोटीजवळ. ऐकायचंच असेल तर ऐका, पण मधे हसायचं नाही. ही कारभारीची गोष्ट आहे. आपल्या वाडीचाच माणूस. त्याच्याच तोंडून ऐकलेली, आणि खोटं बोलायची त्याला कधी गरज पडली नाही.

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. फेब्रुवारीची तेवीस तारीख, शुक्रवार. दुष्काळाचं वरीस होतं. कारभारी सांजच्याला बैलगाडी जुंपून काष्टी स्टेशनला निघाला, कारण दुपारी तार आली होती : ‘शुक्रवारी रात्री काष्टीला पोचतो. पुंजाराम.’

पुंजाराम म्हणजे त्याचा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा, मालनचा नवरा. नगरजवळ भिंगारला मिलिटरीच्या डेपोत कामाला होता. तिथून त्याची बदली झाली थेट अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. मालन संगं गेली. दोन वर्षं झाली होती. जानेवारीत तिचं पत्र आलं होतं की आता परत नगरला बदली मिळाली, पण निघायच्या आधी आम्ही दोघं एक बेट बघायला जाणार आहोत. समुद्राच्या मधोमध जिता ज्वालामुखी आहे म्हणे. शाळेच्या मास्तरांनी ते पत्र पारावर वाचून दाखवलं, तेव्हा सगळी वाडी हसली होती. माणसं देव बघायला जातात, ही आगीचा डोंगर बघायला निघाली!

म्हातारी रंगुबाई, म्हणजे कारभारी-मालनची आई, तेवढी हसली नव्हती. ती म्हणाली होती, “जाऊ द्या की. लगीन झाल्यापासनं नऊ वर्सांत कवा दोघं मिळून कुठं गेली न्हाईत.”

तर कारभारी आठाच्या आत स्टेशनात पोचला. दौंडहून येणारी पॅसेंजर आठाची, ती आली सव्वादहाला. थंडी होती. चांद उगवायला अजून तासभर. फलाटावर स्टेशनमास्तरच्या खोलीपुढं एक दिवा, बाकी अंधार.

गाडीतून चार-पाच माणसं उतरली. पार शेवटच्या डब्यातून पुंजाराम उतरला. हातात पत्र्याची ट्रंक. वाळून काठी झालेला, दाढी वाढलेली. आणि त्याच्या मागं चार पावलांवर मालन. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला.

कारभारीनं ट्रंक घेतली, पुंजाराम पाया पडला. काहीतरी बोलायला गेला, आणि मधेच तोंडावरून हात फिरवत राहिला. कारभारीला वाटलं, प्रवासाचा शीण. “बोलू निवांत, पाव्हणं. आधी घर गाठू,” म्हणाला.

मालन कधी गाडीत चढली ते त्यानं बघितलं नाही. बैल सोडवून जुंपेपर्यंत ती मागं उसाच्या पाचटावर बसलेलीसुद्धा होती. पुंजाराम पुढं, कारभारीच्या शेजारी. कंदील जोखडाखाली बांधलेला, त्याचा उजेड मागं जात नव्हता.

गाव मागं पडलं. कारभारी म्हणाला, “मालन, बरी हायेस नव्हं?”

“बरी हाय, दादा.”

आवाज घोगरा. थंडीवाऱ्यानं बसला असेल. पुंजारामनं मात्र चमकून कारभारीकडं बघितलं. मग मान खाली घातली.

“बघितला का गं तुझा आगीचा डोंगर?”

“बघितला की. नुसतं पाणीच पाणी दादा, आन् मधी काळा डोंगर. तोंडातनं धूर निघत हुता. खाली जमीन ऊन ऊन. भाकरी टाकावी तर भाजून निघंल.”

“भ्या न्हाई वाटलं?”

“न्हाई. लई बरं वाटलं. आमी दोघंच हुतो. ह्यांनी माझं नाव घेऊन मोठ्यांदा हाक मारली, आन् डोंगरानं परत दिली.” ती हसली. “हितं कवा मारली असती का अशी हाक?”

कारभारीपण हसला. शेजारी बसलेल्या पुंजारामच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “काय पाव्हणं! बायकूच्या नावानं हाका व्हय?”

पुंजाराम थरथर कापत होता. थंडी होती, पण एवढी नव्हती. कारभारीनं आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली.

ओढ्याचा उतार आला. ओढा कोरडा ठाक. तिथं बैल थबकले. कारभारीनं चुचकारलं, शेपट्या पिळल्या. चालायला लागले, पण अंग चोरून. आणि गाडी उलाळ खायला लागली. म्हणजे मागचं वजन वाढलं, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागलं. मागं काय, एक ट्रंक आणि एक बाई. त्यानं एवढं?

“मालन, जरा म्होरं सरक गं.”

जू आणखी वर उचललं.

“मालन?”

“दादा… परत येताना होडी उलटली.”

कारभारीचा हात कासऱ्यावरच राहिला.

“अगं, मग?”

“मोठं जहाज लांब हुतं. आमाला होडीतनं न्यायचे. लाट आली.” पाचट ओलं झाल्यावर येतो तसा वास आला. “ह्यांनी माझा हात धरला हुता. घट्ट. मला ओढ लागली हुती खाली. दोघंबी गेलो असतो. मीच सोडवला, दादा. बोटं उचकटून सोडवला. त्यांना सांग.”

“तूच सांग की! हितं तर बसल्यात.”

“त्यांना ऐकू येत न्हाई.”

गाडी उभी राहिली. बैलांनीच उभी केली. पुंजारामनं कारभारीचं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

“कारभारीदादा…”

“आँ?”

“तुमी… मगाधरनं… कुनाशी बोलताय?”

कारभारीनं कासरा ठेवला. खाली उतरला. जोखडाखालचा कंदील सोडला. गाडीला वळसा घातला. एकेक पाऊल. चाकाजवळ आला. थांबला.

कंदील वर धरला.

ट्रंक होती. पाचट होतं.

बाकी कोणी नव्हतं.

…

पुंजाराम गाडीतच गुडघ्यात तोंड घालून बसला होता. त्याला कंठ फुटला तो तिथं, त्या कोरड्या ओढ्यात.

“सोळा दिस झालं, दादा. ती घावलीसुदीक न्हाई. तारेत कसं लिहू? आईला कसं कळवू? म्हनलं, सोता जाऊन पाय धरीन. वाटंत तुमी तिला हाक मारली. मला वाटलं, तुमाला कुठून तरी कळलंय आन् डोकं फिरलंय तुमचं.” मग हुंदका आवरून म्हणाला, “मारायचं तर मारा. माझ्या हातात हुता तिचा हात. मी सोडला.”

कारभारी तापट माणूस. दुसरी कुठली रात्र असती तर त्यानं तिथंच जोखडाची शिवळ उपसून मेव्हण्याच्या डोक्यात घातली असती. हे तो स्वतः सांगायचा. पण त्या रात्री तो जवळ गेला, आणि पुंजारामच्या उजव्या हाताची बोटं आपल्या हातात घेतली.

“तू न्हाई सोडला. तिनं उचकटून सोडवला.”

पुंजारामनं वर बघितलं.

“तुमाला… कुनी सांगितलं? पान्यात बोटं उचकटल्यागत झालं हुतं, पर ते म्या कुनालाच…”

“तिनंच.”

मग दोघं रडले. बैल आपसूक चालायला लागले. गाडी आता हलकी होती.

घरी पोचले तेव्हा चांद डोक्याकडं चढला होता. रंगुबाई वाट बघून बघून झोपली होती. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. सकाळी सांगू, म्हणून दोघं ओसरीवर बसून राहिले. डोळ्याला डोळा नाही. दार पुंजारामच्या पाठीशी होतं. आत कोणी गेलं नाही. बाहेर कोणी आलं नाही.

उजाडलं. म्हातारी उठली. आतून रांजणाचं झाकण वाजलं, चूळ भरल्याचा आवाज आला आणि लगेच थुंकल्याचा.

“कारभारी! कुठलं पानी भरलंस रं?”

“घोड नदीतलंच की. झिऱ्याचं. काल सकाळीच न्हाई का भरलं?”

ती तांब्या घेऊन दारात आली. जावई दिसला तशी पदर सावरून हसली, त्याच्या मागं मालनला शोधायला लागली. शोधता शोधता तांब्या तिनं कारभारीच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला. तोंड वाकडं झालं. जीभ जळावी इतकं खारट. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी साखरेसारखं असायचं, सगळ्या वाडीला ठाऊक. आणि त्या घरात राहणाऱ्या कुणीही जन्मात समुद्र बघितला नव्हता.

पुंजारामनं हात पुढं केला. तांब्या घेतला. तोंडाला लावला.

तो थुंकला नाही. डोळे मिटून, सगळा तांब्या रिकामा होईस्तोवर तो ते पाणी पीत राहिला.