तांबड्या पट्ट्याचा ड्रम

"वैनी, हितं गुरांचा दवाखाना न्हाई. फौजेचं कोठार हाय," सिद्धेश्वर फाटकातच कुजबुजला.

"ठावं हाय मला. चला भावजी," महानंदाबाई म्हणाल्या.

उदगीरच्या गुरांच्या दवाखान्यातली नोकरी सोडून बाईंनी खाजगी तपासाचा धंदा काढला, तेव्हा सगळे हसले होते. सर्वांत मोठ्यानं हसला तो हाच त्यांचा दीर. आता तोच त्यांची पिशवी उचलून हिंडे आणि वैनींचं कौतुक सांगताना थकत नसे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या. पाऊस काही आला नाही. अशा दुष्काळात देवणीपलीकडच्या माळावर फौजेचे लोक लढाईतलं जुनं विषारी द्रव्य जाळून संपवत होते. त्या कामाचे प्रमुख सुभेदार निवृत्ती सूर्यवंशी 'जय भीम' म्हणत पुढं आले.

"बाई, इख भट्टीत जाळलं की रिकामा ड्रम ब्लीचिंग पावडरीनं धुतो, भोकं पाडतो, मगच टाकतो. आजवर थेंब बाहेर गेला न्हाई. काल एक ड्रम धुवायचा राहिला, आन् सकाळी त्याच्या जागी दुसराच! आमच्या ड्रमावर तांबडा पट्टा असतोय, ह्याच्यावर न्हाई."

"रिकामाच गेला न्हवं?" सिद्धेश्वर म्हणाला. "मग कशाला जिवाला घोर?"

"आतबाहेर पत्र्याला चिकटून ऱ्हातंय ते. अंगाला लागलं की लगेच कळत न्हाई, काही तासांनी फोड येतात. त्यात पाणी भरून प्यायलं तर घरच्या घर जाईल. आन् आज वाड्यांवर टँकर येणार हाय."

"दवंडी द्या की!"

"चोर भिऊन ड्रम विहिरीत ढकलील. मग सगळं गावच गेलं."

"वास?" बाईंनी विचारलं.

"लसणासारखा."

फाटकावरची मोजदाद चोख होती. जेवढे ड्रम आत, तेवढेच बाहेर. म्हणजे पावडर, डिझेल आणि पाण्याचे ड्रम रोज आणणाऱ्या तिघांतल्याच कुणीतरी आपला ठेवून फौजेचा नेला होता. चोरानं मागं ठेवलेल्या ड्रमात बाईंनी बॅटरी मारली. बुडाला सांध्यात चीर, आत पांढरा थर. हेअरपिननं खरवडला तरी तो निघेना.

"पांढरं म्हणजे ब्लीचिंग पावडर! पावडरवाला मारोतीच चोर," सिद्धेश्वरनं निकाल देऊन टाकला.

मारोती कोपरापर्यंत पांढरा होता. "माझी पावडर ओल्या फडक्यानं निघतीय बाई. बघा पुसून," तो म्हणाला. खरंच निघाली.

डिझेलवाले आप्पासाहेब चिडले. "माझ्या ड्रमाचा वास सात वेळा धुतला तरी जात न्हाई. हुंगा की!"

पाणीवाला व्यंकटी हाताला गोणपाट गुंडाळून ड्रम उतरवत होता. "लोखंड लई तापलंय," तो म्हणाला. त्याच्या पटक्याला ओव्याच्या, लसणाच्या धुराचा वास येत होता. लेक सिंधु बाळंतपणाला आलेली, सांगताना म्हाताऱ्याचं तोंड फुललं. गाडीचे देवणी बैल लिंबाखाली उभे होते. डाव्याच्या पुठ्ठ्यावर आणि शेपटीवर फोड.

"हे काय?"

"चारा न्हाई, हाडं वर आल्यात. खोडाला घासतंय जनावर."

बाई उजव्या बैलाभोवती फिरून आल्या. त्याचं अंग साफ होतं. त्यांनी सगळ्यांना ओसरीत बोलावलं.

"पावडर पुसली की निघती. हा थर निघंना, म्हणजे आपल्या जड पाण्याचा क्षार हाय. ड्रम पाण्याचा. बैलाचं बघा. दोघं उपाशी, दोघं एकाच खोडाला. मग फोड एकालाच का? गाडीच्या तोंडाशी डाव्या अंगाला तो ड्रम होता. माश्या हाकलताना त्याचीच शेपटी पत्र्याला लागली, आन् तीच पुठ्ठ्याला. व्यंकटीकाका, तुमचे हात गोणपाटानं वाचले."

व्यंकटी खाली बसला. "माझा ड्रम गळत हुता, बाई. निम्मं पाणी वाटंतच जायचं. रिकाम्यात काय असतंय, म्हनलं."

"घरात लसणाचा वास आला न्हाई?" निवृत्तींनी विचारलं.

"यील कसा?" बाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या घरात लसणाची धुरी असतीय. काका, ड्रम सिंधुसाठी नेला ना?"

"अंगणात हाय… टँकर आला आसंल!" म्हातारा किंचाळला.

सगळ्यांना घेऊन जीप सुसाट निघाली. निवृत्तींनी वाटेतच रबरी पोशाख आणि मुखवटा चढवला. वाडीवर व्यंकटीच्या अंगणापासून घागरींची रांग लागली होती, सगळ्यांत पुढं तांबड्या पट्ट्याचा ड्रम, आणि टँकरवाल्यानं नळी उचलली होती! मुखवट्यातून ओरडलेलं कुणाला कळेना. निवृत्तींनी सरळ ड्रमाच्या तोंडावर अंग टाकलं. पाणी त्यांच्या पाठीवरून मातीत गेलं.

"मेल्या, पाणी सांडलंस!" बायका धावून आल्या. सिद्धेश्वर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बोलला. त्यानं हात पसरून सगळ्यांना मागं सारलं आणि ड्रमात काय आहे ते सांगितलं. सिंधु बाळाला घेऊन दारात उभी होती. दोघंही सुखरूप होते.

व्यंकटी रडत निवृत्तींच्या पायाशी वाकला. ते झटकन मागं सरले.

"शिवू नका, काका! पोशाखाला इख लागलंय."

वाडीतल्या जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. निवृत्तींनी आधी ड्रमावर, सांडलेल्या पाण्यावर पावडर टाकली. मग पोशाख उतरवून आपले हात तीनदा धुतले. असा माणूस सिद्धेश्वरनं पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. व्यंकटी तोवर उन्हात तसाच उभा होता.

"आता शिवू का, साहेब?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांना मिठी मारली.