काचेतला वरचा आकडा

आकडे दोन दिसत होते, याचं तिला विशेष काही वाटलं नाही. ते दोन आकडे सारखे नव्हते, हे मात्र खटकलं.

काच बदललेली गाडी मालकाच्या हवाली करण्याआधी एक फेरी मारून बघायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. आजची फेरी तिच्या वाट्याला आली होती. शेजारच्या सीटवर आबा, तिचे वडील, मांडीवर फडकं घेऊन बसले होते. भर दुपारीच धुक्याने रस्ता गिळला होता. दोन्ही अंगांनी कारखान्यांच्या ओल्या भिंती सरकत होत्या, आणि आत काच चिकटवायच्या नव्या सीलंटचा डोक्यात जाणारा वास कोंडला होता.

बॉनेटच्या पलीकडे, धुक्यात तरंगत असल्यासारखा, गाडीचा वेग दिसत होता. ३०. त्याच्या जरासा वर दुसरा आकडा, श्वासाने धुरकटल्यासारखा फिकट.

"आबा, आकडे दोन दिसतायत."

"मला एकही दिसत नाही."

"तिथून नाहीच दिसणार." डॅशबोर्डच्या पोटातला प्रोजेक्टर आरशावर उजेड टाकतो, आरसा तो काचेवर फेकतो, आणि काच चालवणाऱ्याच्या डोळ्यात. शेजारच्याला नुसता रस्ता.

आबांनी पुढे वाकून काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचली आणि कपाळाला हात लावला. "घातला घोळ तुझ्या दादाने! या गाडीच्या काचेतला मधला थर पाचरीसारखा असतो, वर जाड, खाली पातळ. म्हणून काचेच्या दोन्ही बाजूंची प्रतिबिंबं एकावर एक बसतात. ही साधी काच. यात ती फाकणारच. हिची काच त्या जुळ्या गाडीला बसवली त्याने, आणि तिची हिला."

दुकानात आलेली ती जुळी गाडी याच मॉडेलची, पण तिच्यात प्रोजेक्टरच नव्हता. तीच घेऊन दादा मघाशी निघाला होता, मालकाच्या दारात पोचवायला.

"पण आबा... खाली तीस आहे. वर साठ."

"वेडी की काय? उजेड एकच. सावली काय आपल्या मनाने हात वर करते?" आबा हसले. "लहानपणी खुंटीवरच्या कोटाला घाबरायचीस. आता आकड्याला घाबर."

ती हसली नाही. तिने पाय अलगद उचलला. खालचा आकडा उतरला. वरचा चढला. वायपर काचेवरून कुरकुरत गेला, तरी तो पुसला गेला नाही.

"दादाला फोन लावा. माझ्या फोनवरून. माघारी बोलवा त्याला."

आबांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. रिंग वाजायला लागली, आणि वरच्या आकड्याशेजारी हिरवं रिसीव्हरचं चित्र उगवलं. त्यापुढे एकच शब्द.

*घाबरट.*

दादाच्या फोनमध्ये तिचं नाव तसंच होतं. सकाळी, काच बदलण्याआधी, ही गाडी तपासताना त्याने आपला फोन गाडीशी जोडला, तिला मुद्दाम फोन करायला लावला आणि काचेतला तो शब्द दाखवून पोट धरून हसला होता. पण आता दादाचा फोन दादाजवळ होता. कुठल्या कुठे.

"आबा... दादाची गाडी दिसतेय मला."

"कुठाय?"

"काचेत... वरचा आकडा तिचा आहे."

वरचा आकडा ८० झाला. त्याच्याभोवती लाल पट्टी पेटली, समोर काही आडवं आलं की पेटते तशी. समोर काहीच नव्हतं. तरी तिने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. आबा पट्ट्यात लटकले. खालचा आकडा भराभर उतरत शून्यावर आला.

वरचा उतरला नाही. ऐंशी होता, आणि मग शून्य होता. मधलं काही नव्हतंच.

लाल पट्टी विझली. रिंग वाजत राहिली. *घाबरट* तसंच लुकलुकत राहिलं. फोन आपोआप कटला. तिने परत लावला.

"चालवतोय ना तो... म्हणून उचलत नसेल," आबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. फडकं त्यांनी मुठीत पिळून धरलं होतं.

"उचल ना रे दादा... शिव्या दे, पण उचल..."

धुकं काचेला येऊन टेकलं होतं. ब्रेकसरशी इंजिन बंद पडलं होतं. गाडी जागच्या जागी उभी होती. आणि वरचा आकडा शून्यावरून हलला. एक. दोन. चार. चारवर तो थांबला आणि तिथेच राहिला, माणूस सावकाश पायी चालत यावा तसा.

"दाराला लॉक लावा, आबा."

"का गं...?"

तेवढ्यात रिंग थांबली. काचेतलं हिरवं चित्र विझलं. फोनमधून वाऱ्याचा आवाज आला, बारीक काचा पायाखाली चुरडल्याचा आला, आणि मग एका अनोळखी बाईचा, धाप लागलेला आवाज :

"हॅलो... इथे 'घाबरट' असं नाव येतंय. तुम्ही यांच्या कोण?"