गप्प इंजिनाचा गुन्हेगार

"सुट्टीतली पहिली केस!" फौजदारने वही उघडली. "नर्सबाईंची मोटरसायकल. थंड असताना झकास सुरू होते, चढावर तापली की धापा टाकून बंद! तासभराने पुन्हा सुरू!"

फौजदार म्हणजे टिटवीचा मामेभाऊ. मामांचं गॅरेज होतं, आणि टिटवी धाकट्या भावाला घेऊन सुट्टीला आली होती. हा धाकटा सदा तिच्या मागे, म्हणून त्याचं नाव शेपूट!

"पेट्रोलमध्ये पाणी असेल," टिटवी पुटपुटली. ती गाडीकडे बघत नव्हती.

"पाहिलं. स्वच्छ आहे!"

तेवढ्यात आतून मामांचा आवाज चढला. "मिस्त्री, त्या गाडीला शेवटचा हात तुमचा! बाई लसींची पेटी घेऊन भर उन्हात अडकल्या. उद्यापासून येऊ नका!"

म्हातारे मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, "मी फक्त कार्ब्युरेटर धुतला होता, मालक." मग ते आपले पाने एकेक पुसून फडक्यात बांधू लागले.

टिटवीला ते बघवेना.

"पुरावा!" फौजदार ओरडला. "टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्क्रूंवरच्या झाकणावर ताजे ओरखडे! कुणीतरी उघडलंय!"

"ही गाडी दुरुस्तीला आली त्या दिवशी ताईचे हात काळे झाले होते," शेपूट सहज म्हणाला.

"ताईचे?" फौजदार खो खो हसला. "अरे, ती फळा पुसतानासुद्धा रुमाल धरते!"

सुटली! कुणाला संशयही नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं! फडक्याला गाठ बसत होती, आणि टिटवीला वाटलं, ती आपल्याच गळ्याला बसतेय.

"मीच!" ती एकदम बोलून गेली. "मिस्त्रीकाका, थांबा! मीच केलं!"

मामा आतून बाहेर आले.

"बाई म्हणाल्या होत्या, इंजिन फार टिकटिक करतं. मामा कानाने ऐकून स्क्रू पिळतात, तसा मीही पिळला. आवाज बंद झाला. मला वाटलं, जमलं! म्हणून कुणाला विचारलं नाही. आणि आज... आज सांगायला घाबरले."

मिस्त्रीकाकांनी गाठ सोडली. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

"पोरी, इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा, म्हणजे झडपेचा, दांडा लांबतो. त्याला केसाएवढी फट लागते. फटच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो. मग चढायला ताकद कुठली? थोडी टिकटिक असू द्यावी. गप्प इंजिन शहाणं असतंच असं नाही."

"आणा इकडे, दोन मिनिटांत लावतो," मामा घाईने पुढे झाले. "माझा कान म्हणजेच फट मोजायचं गेज!"

फौजदारने चावी खिशात टाकली. "फट गार इंजिनावरच मोजायची! तोवर गाडी आमच्या ताब्यात! आणि बाबा, तुमची मोटरसायकल सकाळपासून गारच उभी आहे ना? मिस्त्रीकाका, तिची फट मोजा पाहू!"

मिस्त्रीकाकांनी झाकण काढलं, गेजची पातळ पत्ती शेपटाच्या हातात दिली. शेपटाने जीभ बाहेर काढून खटपट केली.

"जातच नाही!"

"तरीच गेला महिनाभर चढावर आईला खाली उतरवता!" फौजदार म्हणाला.

मामांचं तोंड एवढंसं झालं. ते हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, पोरीने माझंच पाहून केलं. चुकलो. उद्या या. आणि मलाही ती पत्ती धरायला शिकवा."

गाडी गार झाली. मिस्त्रीकाकांनी फट लावली, आणि बारीक टिकटिक करत ती चढ चढून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली! गाडी न्यायला आलेल्या नर्सबाईंनी तिघा मुलांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे गुप्तहेरांनो!"

"मला नका म्हणू," टिटवी खाली मान घालून म्हणाली, आणि तिने सगळं सांगून टाकलं.

बाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "चढापलीकडच्या वस्तीत अकरा आया बाळांना घेऊन लसीसाठी थांबल्या होत्या. उन्हातून तशाच परत गेल्या."

टिटवीचे डोळे भरले. मिस्त्रीकाका हळूच म्हणाले, "बाई, ती बोलली नसती तर कुणालाच कळलं नसतं. तेवढी शाब्बासकी तिची."

"ती देतेच," बाई म्हणाल्या. "पण उद्या मी पुन्हा जाणार. पेटी धरायला चल माझ्याबरोबर. त्या आयांना तूच सांग."

 टिटवीने डोळे पुसून विचारलं, "किती वाजता निघायचं?"