धाकट्याच्या वाट्याची धून

बसा. आणि ती कानातली बोंडं आधी काढा. चोवीस तास गाणी कोंबून फिरता, आणि त्यातलं आवडलं कुठलं विचारलं की मोबाईल चाचपायला लागता! आमच्या वेळी एका धुनेसाठी माणूस भिंतीला कान लावून उभा राहायचा. त्यातल्याच एकाचं हे आहे. बनवून सांगत नाही, त्यानेच मला सांगितलेलं. माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सगळा बाजार त्याला मिस्त्री म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. मिस्त्रीने शटर ओढलं, जुन्या थेटराची किल्ली खिशात टाकली आणि निघाला. थेटर बंद पडून जमाना झाला होता. मध्यंतरी तिथे गोदाम होतं, आता सोमवारपासून पाडापाडी. मालकाच्या माणसाने मिस्त्रीला सांगितलं होतं, पडद्यामागचे स्पीकर काढून न्या, नाहीतर भंगारात जातील. दिवसभर दुकान, म्हणून रात्री जायचं ठरलं. पिशवीत पक्कड, पाने, बॅटरी.

पण स्पीकरशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो गेला होता एका धुनेसाठी. त्या भिंतीजवळ उभं राहिलं तर आठवेल, एवढ्याच आशेवर.

झालं होतं असं. लहानपणी हा आणि याचा थोरला भाऊ, दोघे थेटराच्या मागच्या बोळात उभे राहायचे. वडिलांना सिनेमाचं वावडं होतं. पण मागच्या भिंतीत पंख्याचं एक भोक होतं आणि त्यातून सगळा सिनेमा ऐकू यायचा. हिरो कसा दिसतो हे पोरांना माहीत नव्हतं, पण खलनायक आला की वाद्यांवरून ओळखायचे. गाणी काय, सगळ्यांनाच पाठ असतात. दादाचा कान गाण्यांच्या मधल्या वाजवण्यावर. कोणी बोलत नाही, नुसतं संगीत चाललंय, ते त्याला आवडायचं.

असाच एक सिनेमा आला. त्यात एक बाई स्टेशनवर उतरते आणि तिला न्यायला कोणीच आलेलं नसतं. तिथे शब्द नाही. आधी व्हायोलिन, मग उत्तराला बासरी. दादाने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला, भोकाशी धरला आणि पंख्याच्या घरघरीसकट ती धून कॅसेटवर घेतली. कॅसेटवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आमची’. मग दोघांचा खेळच झाला. रात्री उशिरा परतताना घराजवळ येऊन दादा व्हायोलिनची ओळ शिट्टीवर वाजवायचा, आणि घरातून हा बासरीची ओळ वाजवून उत्तर द्यायचा. म्हणजे, ये, कडी काढलीय.

सिनेमा आठवड्यात पडला. रेकॉर्ड निघाली ती फक्त गाण्यांची. ती धून जगात उरली त्या एका कॅसेटवर, आणि कॅसेट राहिली धाकट्याकडे.

पुढे भाऊ मोठे झाले आणि घराची वाटणी आली. सख्ख्या भावांत जे होतं ते सगळं झालं. मधे भिंत उभी राहिली, येणंजाणं तुटलं. बरीच वर्षं गेली. मग दादा अंथरुणाला खिळला. एक दिवस पुतणी दुकानात आली.

“काका, बाबांना ती कॅसेट ऐकायचीय. एकदाच. लगेच परत आणून देते.”

“उद्या ने,” मिस्त्री म्हणाला.

आणि त्या रात्री त्याने काय केलं माहितेय? कॅसेट मशीनमध्ये घातली, वायर कशालाच जोडली नाही, आणि रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली. खट्ट! एक बाजू पुसली. उलटून दुसरी पुसली. सकाळी पुतणीच्या हातात ठेवली. वर दादाचंच अक्षर. आतड्याचं नातं म्हणतात, ते असं.

दादा त्याच आठवड्यात गेला. नंतर पुतणी पुन्हा दुकानात आली, हातात तिच्या घरचा टेप घेऊन.

“बाबांनी कॅसेट लावली, पण आवाजच आला नाही. उलटून लावायला सांगितली, तीही शेवटपर्यंत ऐकत पडले. मग म्हणाले, मशीन बिघडलंय. काकाला दाखव, तो करून देईल.”

मशीनला काहीही झालं नव्हतं. मिस्त्रीने ते उघडून बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून हा माणूस आतून पोखरला गेला. दादाची ओळ त्याला आठवायची, अगदी श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा. पण स्वतःची, उत्तराची ओळ... साफ गेली. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर शोधायची. शोधली! माझ्या भाच्याने रात्र घालवली. त्या सिनेमाची दोन गाणी सापडली. धून नाही.

तर त्या शनिवारी साडेअकराच्या सुमारास मिस्त्रीने थेटराचं कुलूप काढलं. वीज तोडलेली. आत कुबट वास, खुर्च्या कधीच उपटून नेलेल्या. बॅटरीच्या उजेडात तो पडद्यामागे गेला. पहिला स्पीकर सोडवला. दुसऱ्याच्या वायरी कापल्या. मग भिंतीतल्या त्या भोकापाशी गेला. पंखा नव्हता, नुसतं भोक उरलेलं.

तो उभा राहिला. ऐकू लागला. आठवेना.

परत वळला, आणि बाहेरून शिट्टी आली.

व्हायोलिनची ओळ. सावकाश. शेवटी किंचित खेचलेली, दादा खेचायचा तशी.

आणि मग थांबली. उत्तरासाठी थांबतात तशी.

मिस्त्रीला वाटलं, कोणी पोरगा असेल. पण पोराला ही धून कुठली माहीत? तो भोकाशी गेला.

“कोण आहे रे बोळात?”

...

पुन्हा शिट्टी. आता जवळून. त्याने भोकात हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही. बोटांना विटा लागल्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मागे नवी इमारत झाली होती. भिंतीला भिंत लागून. बोळ कधीच गेला होता. तिथे मांजरालाही उभं राहायला जागा नव्हती.

तिसऱ्यांदा शिट्टी आली ती आतून. वायरी कापलेल्या स्पीकरमधून.

बॅटरी हातातून पडली. विझली.

ओळ संपली. शांतता... वाट बघणारी.

त्याने ओठ गोल केले. नुसता वारा आला. पुन्हा केले. वारा. आठव... आठव की रे... बासरी वर जायची की खाली?

चौथ्यांदा. उजव्या कानाशी. गालाला श्वास लागला. गार.

मिस्त्री रडायला लागला. म्हणाला, “दादा, मशीन बिघडलं नव्हतं रे. मीच...”

...

कोणी रागावलंसुद्धा नाही.

मग त्याच कानाशी आवाज झाला. आयुष्यभर बोटांनी केलेला. दोन बटणं एकदम दाबल्याचा.

खट्ट.

सकाळी तो मालकाच्या माणसाला थेटराच्या पायरीवर बसलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. कानांच्या डॉक्टरने मशीन लावून तपासलं, कान ठणठणीत. ते खरंच आहे. हाक मारली तर ओ देतो, रस्त्यावरच्या गाडीचा आवाज त्याला माझ्याआधी येतो.

पण एक आहे. त्या दिवसापासून मिस्त्री काम करता करता शिट्टी वाजवतो. आधी व्हायोलिनची ओळ, मग बासरीची. पूर्ण! दोन्ही वाटे! इतकी गोड, की गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून उभं राहतं. मी धावत गेलो, म्हटलं, “अरे, आठवली की तुला!”

“काय आठवलं?”

“आत्ता वाजवत होतास ती.”

“मी? मी कुठे काय वाजवलं?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तोंड बघितलं त्याचं, चेष्टा नव्हती. ऐकून ऐकून मला ती धून पाठ झालेली. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि वाजवून दाखवली. दादाची ओळ, मग त्याची. अगदी नीट, शेवटपर्यंत.

तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. मी थांबलो. तो तसाच, मान थोडी पुढे काढून बसलेला.

मग म्हणाला, “हं, ऐकतोय मी. कर ना सुरू.”