आत एक

कॉलेज सोडलेल्या पोराला घरात हमालाचा दर्जा असतो. म्हणून परदेशातलं आमचं जुनं घर रिकामं करायला बाबा मला घेऊन गेले. चार दिवस मी खोकी बांधत होतो. रस्ता रुंद करायला ती गल्लीच पाडणार होते. शेवटच्या दिवशी चार वाजता किल्ल्या द्यायच्या आणि विमान पकडायचं, इतकं साधं काम होतं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबा सह्या करायला पालिकेच्या कचेरीत निघाले. दारातून म्हणाले, "मागच्या खोलीला हात लावू नकोस. ती मी बघतो."

"काय आहे त्यात?"

"सांगितलं तेवढं कर. आधीच एक नालायक निघाला, दुसऱ्यानं भर घालायची गरज नाही."

पहिला नालायक म्हणजे माझा दादा. मी सात वर्षांचा असताना, तो सोळाचा, अकरा तारखेच्या रात्री याच घरातून पळून गेला. ही गोष्ट मी चौदा वर्षं ऐकतोय. परीक्षेत नापास झालो की दादाच्या वळणावर, उलट बोललो की दादाचं रक्त. आई ऐकायची आणि भांडी विसळत राहायची. तो जिवंत आहे का, असला तर एवढ्या वर्षांत एक फोन का करत नाही, हे मला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठीच तर मी मुकाट्यानं खोकी उचलत होतो.

बाबांचा धंदा भिंतींना वॉलपेपर लावण्याचा. आम्ही तिथून परतल्यावर बाकीचं घर भाड्यानं दिलं, मागची खोली मात्र बाबांनी कुलूप घालून ठेवली. का, ते विचारायची सोय नव्हती.

कुलूप मी हातोडीनं तोडलं.

खोलीत वीज नव्हती, ती आदल्या दिवशीच कापली होती. खिडकीतून ढगाळ दुपारचा उजेड येत होता, तोही काचेपाशीच थबकलेला. आणि वास. पिठाची खळ शिजवल्यावर येतो तो, ताजा. लहानपणी बाबांच्या शर्टाला यायचा. चौदा वर्षं बंद खोलीत तो कसा असेल? मी भिंतीला बोट लावलं. कागद ओला होता.

खरवडणीचं पातं कागदाच्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्यात घातलं, तर पूर्ण पट्टा अलगद सुटून हातात आला. खाली उघडी भिंत, आणि तिच्यावर बाबांचं अक्षर.

हे सांगायला हवं. बाबांच्या उस्तादानं त्यांना एक रीत लावून दिली होती. पहिला पट्टा लावण्याआधी कोऱ्या भिंतीवर सुतारी पेन्सिलीनं तारीख लिहायची, आणि घरात त्या वेळी जिवंत माणसं किती, तो आकडा. कागदाखाली ते कोणी वाचत नाही, म्हणूनच ते खरं लिहायचं. भिंतीशी खोटं बोललं तर कागद धरत नाही, असं बाबा सांगायचे. आमच्याशी किती खोटं बोलले त्याची मोजदाद नाही, पण या बाबतीत माणूस एकवचनी.

तिथं लिहिलं होतं: बारा तारीख. घरात चार.

मी दोनदा वाचलं. आई, बाबा, मी. तीन. दादा अकराच्या रात्री पळाला होता ना?

शेजारचा पट्टा मी नखांनीच ओरबाडला. खाली भिंतीतल्या कपाटाचं दार होतं. मूठ काढून टाकलेली. कडेनं बाहेरून ठोकलेले सहा खिळे. हे कपाट मला आठवत होतं. दादा बाबांच्या हाताखाली काम शिकायचा आणि सांधा वाकडा गेला की बाबा त्याला यातच कोंडायचे.

खिळे उपसताना मी काय काय बरळत होतो, ठाऊक नाही.

आत काही नव्हतं. हाडं नाहीत, कपडे नाहीत. मोबाइलचा उजेड टाकला, तर कपाटाला आतून वॉलपेपर लावलेला होता, एकही बुडबुडा नाही. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक ओळी. तारीख, आत एक. तारीख, आत एक. एकही दिवस चुकलेला नाही. तळाशी, जमिनीलगत, शेवटची ओळ आजची होती.

"उघडलंस…"

बाबा मागे उभे होते. पाय कधी वाजले, कळलं नाही.

"दादा कुठंय?"

"आरडाओरडा करत होता. म्हटलं, शांत झाला की काढू."

"खिळे ठोकून?"

"सारखा लाथा मारायचा दाराला…"

"आणि तुम्ही वरून कागद लावलात. घरात चार लिहिलंत. म्हणजे तेव्हा तो…"

"टकटक चालू होती," बाबा म्हणाले. "तोंडानं कुणालाही फसवलं असतं रे. पेन्सिल धरली की हात वळेना."

इतकंच. खेद नाही, काही नाही. धंद्यातली अडचण सांगावी तसं.

मग त्यांची नजर आत गेली आणि चेहरा उतरला. "रिकामं कसं? मी तर… आज न्यायलाच आलो होतो त्याला." ते गुडघ्यावर बसले, आत वाकले, शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. "अक्षर त्याचंच," पुटपुटले. "एक कुठंय पण? इथं तर कोणीच…" जवळून बघायला ते पूर्ण आत सरकले.

दार मिटलं.

मी ढकललं नाही. बाहेर ओढलंही नाही, हेही खरं.

जमिनीवर पडलेले दोन्ही पट्टे मी बघत असतानाच भिंतीवर चढले, कडा दाबल्या गेल्या, वरून खाली कोणीतरी तळहात फिरवावा तशा. सांधा ओळंब्यात सरळ. आतून टकटक आली. मग आवाज. "बाळा…" गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी मला त्या नावानं हाक मारली नव्हती. "बाळा, ऐक ना…"

माझ्या हातात खरवडणी होती. मी ती खोक्यात टाकली आणि खोकं बांधलं.

चार वाजता कचेरीतला कारकून आला. खोल्या बघत मागे गेला, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाला, "पाडायच्या घराला नवा कागद? हौस आहे बुवा तुमच्या वडिलांना." तळहात पँटला पुसला. त्याला काही ऐकू आलं नाही. मी किल्ल्या दिल्या.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी बेल वाजवली. बाबांचं काय सांगायचं ते जुळवत जिना चढलो होतो, पण आईनं विचारलंच नाही. दार उघडून ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

"किती वाळलास रे," ती तिकडेच बघत म्हणाली. "ये, आत ये."

मी आत गेलो. दार धरून ती तशीच उभी राहिली, आणखी कोणीतरी चपला काढेपर्यंत थांबावं, तेवढा वेळ. मग बाजूला झाली आणि तिनं दार लावलं.