संदर्भ : प्रत्यक्ष संभाषण

लाडक्या विद्यार्थिनीचा प्रबंध बाईंनी मोठ्या कौतुकाने वाचायला घेतला होता. विभागातली माणसं पांगली होती, खिडकीबाहेर उजेड मावळत होता. तिसऱ्या प्रकरणापाशी मात्र त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. होडीवाल्यांच्या गाण्यांवरचं ते लेखन त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं होतं. वाक्यावाक्यातून तोच बोलत होता.

त्याचं अर्धवट हस्तलिखित याच खोलीतल्या कपाटात कुलूपबंद होतं. पोटच्या पोरीसारखं जिला वागवलं, तिनेच हात मारला! बाईंच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. त्यांनी तिला तडक बोलावून घेतलं.

"चोरी करायला माझंच कपाट सापडलं तुला?"

"चोरी नाही, मॅडम. खाली संदर्भ दिलाय ना."

बाईंनी तळटीप पाहिली. 'प्रत्यक्ष संभाषण', पुढे नवऱ्याचं नाव आणि गेल्याच महिन्यातली तारीख. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"थट्टा करतेस माझी?"

"तुम्ही घरी गेलात की सर येतात... त्या खुर्चीत बसतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बाईंनी कपाट उघडलं. हस्तलिखित जागच्या जागी होतं, एका वाक्याच्या मध्यावर तुटलेलं. तिथेच त्याला झटका आला होता आणि वाचा गेली होती. मुलीच्या प्रबंधात ते वाक्य पुरं झालं होतं, आणि पुढेही कितीतरी पानं होती.

खोलीत मलमाचा उग्र वास दाटू लागला. शेवटच्या आजारात बाई रोज त्याच्या लुळ्या हाताला हेच मलम चोळत बसायच्या. एखादा तरी शब्द फुटेल म्हणून त्यांनी जिवाचे कान केले होते. तो गेला, तो मुक्यानेच. आणि हिच्याशी मात्र पानंच्या पानं बोलला! आता मुलीवरचा राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते फार जुनं, घरातलं दुःख होतं.

"माझ्याबद्दल काही..." बाईंनी हस्तलिखित छातीशी धरलं. "विचार ना त्याला."

मुलगी रिकाम्या खुर्चीकडे वळली. "सर, मॅडमना काही सांगू?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने मान खाली घातली.

"काय म्हणाला?"

"नको म्हणतात..."

बाईंनी नुसत्या हातानेच तिला जायला सांगितलं. मुलीने दार उघडलं, पण ती लगेच बाहेर पडली नाही. आधी कुणाला तरी वाट द्यावी तशी अंग चोरून बाजूला उभी राहिली. मग तीही गेली, आणि खोलीत मलमाचा वास उरला नाही.