आधी बघ, मग बोल

"श्वास रोखा… हलू नका," काचेमागून तो म्हणाला. मी इतका वेळ रोखला, की शेवटी तोच बाहेर आला.

"आता सोडा की, ताई."

"ताई नको," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक.

महाडच्या एक्स-रे सेंटरमधली ही गोष्ट, दोन हजार तीनच्या फेब्रुवारीतली. मी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका, वय तेवीस. पाठ, मान सारखी दुखायची. छातीचं ओझं इतकं, की हंडा उचलला की तोल जायचा. उन्हाळ्यात खालची कातडी सोलवटून रक्त यायचं. लोक नुसते बघायचे. जितेशनं, म्हणजे तिथल्या टेक्निशियननं, फिल्म उजेडावर धरली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हाडं चांगली हायत. दुखणं वजनाचं हाय. मुंबईत याचं ऑपरेशन होतं."

न हसता हे बोलणारा तो पहिलाच.

मग महिन्याच्या मीटिंगला महाडला उतरले, की स्टँडवर त्याच्याबरोबर चहा व्हायचा.

"तुमची परतीची गाडी फार लवकर येते," तो म्हणायचा.

"आज तर अर्धा तास उशिरा आली."

"मला लवकरच वाटली…"

एप्रिलपर्यंत आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

मे महिन्यात आई, मी आणि तो मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्रं काढून समजावलं. नुसती चरबी ओढून काढून माझं भागणार नव्हतं. दुसऱ्या रीतीत स्तनाग्र आतल्या मांसाच्या देठाला धरून ठेवायचं आणि भोवतालचं कापायचं. त्यात पुढे दूध येण्याची थोडी आशा.

"पण तुझा देठ फार लांब पडेल," त्या म्हणाल्या. "रक्त पोचलं नाही तर स्तनाग्र मरतं. तिसरी रीत म्हणजे ते काढून नव्या जागी कलमासारखं लावायचं. तुझ्यासाठी हे जास्त सुरक्षित. मात्र दूध येणार नाही, आणि तिथं स्पर्शही बहुतेक कळणार नाही."

बाहेर बाकावर जितेश त्या चित्रांच्या कागदाची घडी घालत, उलगडत बसला.

"गौतमी, लग्न करू आपण. पोरं झाली की मग कर ना हे… माझी आई म्हणते…"

"किती वर्षं थांबू?"

"चार… पाच."

"मला पाच दिवस निघत नाय रे."

मी आत जाऊन तिसऱ्या रीतीसाठी सही केली. तो त्याच संध्याकाळी एकटा परतला.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. तो आला नाही. पहिल्यांदा उठून बसले तेव्हा पाठ हलकी लागली, आणि मी दाराकडे बघत होते.

टाके काढायला गेले तेव्हा डावीकडचं कलम काळं पडलं होतं. ते गळून जाईल, जखम हळूहळू भरेल, पण रोज ड्रेसिंग हवं, असं बजावून डॉक्टरबाईंनी घरी पाठवलं. जुलैत दरड कोसळून वाडीचा रस्ता बंद झाला. दवाखान्यात जाता येईना, आणि जखम आईला बघवायची नाही. तीन दिवस तीच पट्टी राहिली. वास यायला लागला. मला न सांगता आईनं शेजारच्या भागोजीमामांना चालत महाडला धाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जितेश दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीत सलाइन, गॉज, हातमोजे.

"घरी भांडून आलोय," तो म्हणाला. "दूध नाय आलं तरी चालंल, सांगितलं. आई बोलत नाय माझ्याशी. मी चुकलो त्या दिवशी… आपलं लग्न—"

"थांब. आधी बघ, मग बोल."

"लगीन झाल्याबगर?" आई पुटपुटली. मग माझं तोंड बघून ती आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली.

मी पट्टी सोडली. काळं, पिवळं, ओलं. मी जखमेकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते भरले, पण वळले नाहीत. त्यानं हात धुतले, हातमोजे चढवले आणि कामाला लागला.

"दुखतंय?"

"नाय. तिथं काहीच कळत नाय. कदाचित कधीच नाय कळणार."

"मग… कुठं कळतं?"

त्यानं शेवटची चिकटपट्टी लावली, हातमोजे काढले. मी त्याचा हात उचलून गालावर ठेवला. गार पडला होता.

"हितं," मी म्हणाले.

कौलांवर पाऊस वाजत होता. त्यानं हात काढला नाही.

"आता बोलू?" तो म्हणाला.

मी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"बोल की रे," पाठमोरी आईच म्हणाली.